मागच्या दोन खोल्या

२२ एप्रिल १९७९, रविवार. दुपारी.
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. वाया कशाला घालवायची? इथं फक्त बांधकामाचं लिहायचं. कोणाची निंदा लिहायची नाही, असा नेम केला आहे.

ठरलं. मागच्या अंगणात मुकुंद-अरुंधतीसाठी दोन खोल्या बांधायच्या. लग्नाला दीड वर्ष झालं, बिचारे बैठकीत पडदा लावून झोपतात. मुलगा-सून डोळ्यांसमोर राहिले पाहिजेत, बाकी मला काही नको. नकाशा मीच काढला. मॅट्रिकला भूमितीत बासष्ट होते. दोन खोल्या, एक न्हाणी, दार माझ्या स्वयंपाकघरासमोर. खिडकी एकच, तीही माझ्या ओट्याकडे, म्हणजे हाक मारायला सोपं. वेगळं स्वयंपाकघर नाही. चूल एकच.

मुकुंदला दाखवला. म्हणाला, बघू. म्हणजे होकारच. अरुंधतीनं विचारलं, आई, चहापुरता एखादा स्टोव्ह? मी म्हटलं, चहा मी करतेच की, तू कशाला त्रास घेतेस? ती कप उचलून आत गेली. खापा गावची मुलगी, समाधानी स्वभाव.

२४ एप्रिल, मंगळवार.
शेजारचे भैयाजी कुंपणापाशी आले. वहिनी, म्हणे, ह्या लेआउटमधी एका प्लॉटवर एकच घर, असा नियम आहे. मी समजावलं की हे दुसरं घर नाही, आमच्याच घराचा भाग आहे, फक्त जोडलेला नाही. तर म्हणे, अन् तुमची न्हाणी माह्या विहिरीच्या डोक्यावर येऊन राहिली, ते कोणाचा भाग आहे?

तेवढ्यात त्यांची बायको वच्छला मागून ओरडली, काहून वं इंदूताई, सुनेले चूल काहून नाही त्यात? नकाशा अजून घराबाहेर गेलेला नाही. हिला कसा कळला, देव जाणे.

निर्धार: विरोधाकडे लक्ष द्यायचं नाही.

२९ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया.
शुभ दिवस. आमचे गुरुजी दत्तोपंत म्हणाले, आजच्या दिवसाला मुहूर्त पाहावा लागत नाही. नकाशा परवाच बांधकाम मंजुरीच्या ऑफिसात दिला, तिथं पडून आहे, पण मंजुरी कागदाला लागते. पाया जमिनीत असतो. मिस्त्रीला बोलावलं, सकाळी भूमिपूजन केलं, संध्याकाळपर्यंत तीन फूट खोल चर खणून झाला. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत, अगदी सरळ.

लेआउटभर प्रसाद वाटला. चिंचगुळाची गार चिंचवणी सगळ्यांना आवडली. भैयाजींनी दोनदा मागितली. मवाळले आहेत.

३ मे, गुरुवार.
ऑफिसची नोटीस. तक्रारीवर अठरा सह्या. पैकी सतरा जणांनी रविवारी माझ्या हातचा प्रसाद खाल्ला आहे. अठरावे गावाला गेले होते, त्यांच्या बायकोनं सही केली.

हुकूम असा की बांधकाम 'जैसे थे' ठेवावं. पुढं खणायचं नाही, भिंत उठवायची नाही आणि चर बुजवायचाही नाही. सुनावणी १२ जूनला.

हे म्हणाले, रातोरात बुजवून टाकू, कोण पाहतो. मी दत्तोपंतांना विचारलं. पूजन झालेला पाया बुजवणं म्हणजे हातानं घर बुजवणं, असं ते म्हणाले. तेव्हा सरकारही नाही म्हणतं आणि शास्त्रही नाही म्हणतं. दोघांचं एकमत क्वचितच होतं, त्यात शुभ संकेत असावा.

५ मे, शनिवार.
एक गोष्ट खणताना लक्षात आली नाही. संडास, नळ आणि धुण्याचा दगड, तिन्ही चराच्या पलीकडे आहेत.

फळी टाकली आहे.

९ मे, बुधवार. सकाळी.
ह्यांचा गुडघा दुखतो, फळीवर पाय ठरत नाही. म्हणून रोज पहाटे टमरेल घेऊन समोरच्या फाटकातून बाहेर पडतात, भैयाजींच्या फाटकातून आत शिरतात आणि त्यांच्या कुंपणाच्या भगदाडातून आपल्या संडासात पोचतात. परतताना भैयाजी त्यांना चहाला बसवतात. ज्या माणसानं आपल्यावर नोटीस आणली त्याच्याकडे चहा! हे म्हणतात, चहाचा आणि नोटिशीचा काय संबंध. शिवाय तिथं दुसरा कप मागता येतो.

मी भैयाजींच्या कंपाउंडात पाय न टाकण्याचा नेम केला आहे. मला घेरी येते, म्हणून फळीवरून बसून सरकत जाते. कोणी पाहत नाही. वच्छला पाहते.

२७ मे, रविवार. नवतपा.
अंगाची लाही होते आहे. दिवसातून दोन वेळा फळी ओलांडणं जमत नाही. मी सकाळी एकदा जाऊन आले की दिवसभर घरातच. मागे चर, पुढे भैयाजी. खिडकीच्या गजाला धरून उभं राहावं तर गज चटका देतो.

अरुंधती मात्र फळीवरून भराभरा जाते. धुणं घेऊन नऊला जाते ती दुपारी एक वाजताच येते. तिकडे लिंबाखाली बसून राहते. कुंपणापलीकडे वच्छला. दोघींचं काय खिदळणं चालतं कळत नाही. आज मी अकरा हाका मारल्या. आल्यावर म्हणाली, ऐकूच आलं नाही आई. उन्हानं कानाला दडे बसले असतील. रात्री लसणाचं तेल घालीन.

मुकुंद कामावरून उशिरा येतो. घरासाठी खटपट करत असणार. विचारलं की म्हणतो, बघू.

४ जून, सोमवार.
विजय!

भैयाजी स्वतः आले. पुढच्या ओट्यावर टोपी काढून बसले. म्हणाले, वहिनी, मले तुमच्याशी वैर नाही. महिना झाला, तुमचे साहेब रोज पहाटे माह्या घरातून जाऊन राहिले, लोक मलेच हसते. न्हाणी विहिरीपासून दहा फूट सरकवा, आम्ही तक्रार मागे घेतो. मी गंभीर चेहरा ठेवला आणि उपकार म्हणून कबूल केलं.

मागाहून कळलं की हे आधीच चहावर कबूल करून आले होते. असो. तत्त्वतः मीच केलं.

सोबत आलेल्या वच्छलेनं जाता जाता विचारलं, अन् चुलीचं? मी विचारलं, तुझ्या विहिरीत माझ्या सुनेची चूल पडते का? ती अरुंधतीकडे पाहून म्हणाली, तुह्या सासूले सांगून काही उपयोग नाही वं. अरुंधती पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली.

११ जून, सोमवार.
उद्या सुनावणी. मिस्त्रीला बुधवारी यायला सांगितलं. अरुंधतीला म्हटलं, आता तुझ्या मनासारखं होईल. ती म्हणाली, हो आई. किती दिवसांनी तिचा चेहरा उजळला.

१२ जून, मंगळवार.
भैयाजींनी तक्रार मागे घेतली. तिथले साहेब भला माणूस. म्हणाले, आता कोणाची हरकत नाही. फक्त मागच्या घरात कुटुंबातलंच माणूस राहील असं पाहिजे, तेव्हा जो राहणार त्यानं स्वतः लिहून द्यावं. मुकुंदला पुढं बोलावलं. कागद दिला, पेन दिलं.

मुकुंद पेन धरून उभा राहिला. मग टोपण लावलं आणि म्हणाला, साहेब, मी नाही लिहून देऊ शकत. मला कोराडीला नोकरीतलं क्वार्टर मिळालं आहे.

साहेबांनी विचारलं, कधी मिळालं? म्हणाला, अर्ज मार्चमध्ये केला होता.

मी साहेबांना सांगितलं की मुलगा उन्हातून आला आहे, त्याला पाणी द्या. कोणी पाणी आणलं नाही. भैयाजी सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होते. महिनाभर ज्यांचं तोंड बंद नव्हतं ते एवढंच म्हणाले, चला वहिनी, रिक्षा पाहतो.

रिक्षात विचार केला. मार्चमध्ये माझा नकाशाच नव्हता. मुलाला बिचाऱ्याला काय माहीत की आई दोन खोल्या बांधणार आहे? माझंच चुकलं, आधी सांगायला हवं होतं.

१७ जून, रविवार. संध्याकाळी.
गेले. टेम्पो सकाळी आला. सामान थोडंच. अरुंधती पाया पडली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वच्छलेच्या गळ्यात पडून तर फारच रडली. मुलगी हळवी आहे, शेजाऱ्यांनासुद्धा जीव लावते.

कोराडी काही परदेश नाही. देवीचं ठाणं आहे. दर मंगळवारी दर्शनाला जायचं, असा नेम आजपासून केला. क्वार्टरला खोल्या किती, म्हणून मुकुंदला विचारून ठेवलं. दोन आहेत. छानच. एक त्यांची, एक माझी. मंगळवारी दर्शन, बुधवारी सकाळी परत. फार तर गुरुवार.

ह्यांना म्हटलं, माझी वळकटी उन्हात टाका. हे जागचे हलले नाहीत. म्हणाले, दुसऱ्या खोलीत चूल आहे. अरुंधती गुरुवारी जाऊन मांडून आली, वच्छलावहिनी सोबत होत्या.

मी म्हटलं, बरं, मग मी पहिल्या खोलीत झोपेन.

हे उठले आणि भैयाजींकडे चहाला गेले.