लिंबाला दिलेलं पित्ताचं औषध

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्माच घातलाय, उरलेला समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचं घोरणं? इकडे बाबा मजेत आहेत असं लिहिणार होते, पण तुला खोटं लगेच कळतं.

आईनं गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत लावलेलं लिंबाचं झाड आठवतं ना? ती गेल्यापासून बाबा त्याचीच तब्येत विचारत असतात. मध्यंतरी पानं जरा पिवळी पडली, तर बाबांचा फोनवरचा आवाज असा, की मला वाटलं त्यांनाच काही झालं. मी पडले माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली. सहज म्हणाले, "मातीची ॲसिडिटी बघायला हवी." तिथेच माशी शिंकली. झाड सुधारायचं सोडून आणखीच पिवळं पडत गेलं.

शेवटी रजा टाकून आले, माती तपासली. मातीत जस्त भरपूर, आणि झाड जस्तावाचून उपाशी! माती जरा आंबट असली की जस्त सोडते. आंबटपणा गेला, की चिकणमाती ते असं घट्ट धरून बसते की मुळांच्या हाती काही लागत नाही. (आपल्या घराण्यातलं कुणी आठवलं तर माझा दोष नाही.) पण कुंडीतला आंबटपणा गेला कुठे?

"तूच म्हणालीस ना, ॲसिडिटी?" बाबा म्हणाले. "मग माझं पित्ताचं औषध त्याला देतोय. गोळ्याही कुटून घालतो."

"आणि तुम्ही काय घेता?"

"मला काय, जळजळीची सवय आहे."

आत्या, मी हसायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. बाबा घाबरले. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, वाचेल ना ते?"

वाचलं. दोघांनी मिळून माती बदलली, पानांवर जस्ताचं पातळ पाणी फवारलं. (पानांना मातीची मनधरणी करावी लागत नाही.) आता नवी पालवी हिरवीगार आहे, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून ती दाखवतात.

तुझी लाडकी भाची

ता. क. बाबा हल्ली उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकतात, त्याला जेवण म्हणतात. माझी रजा संपली. तू महिनाभर येतेस का? तू समोर बसलीस की ते जेवतील.

ता. क. २. आत्ताच बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "मीच बोलावतोय, असं कळत नाही ना कुठे?" म्हटलं, नाही.