सतरा हरकती आणि सविताताईचा होकार

तोआ पायोह, सिंगापूर

तीर्थरूप सविताताईस,

निशिकांतचा साष्टांग नमस्कार. तुझे दोन्ही गुडघे कसे आहेत, हे स्वतंत्रपणे कळवावे. (एकत्रित आकड्याखाली दोष लपतात.)

गेल्या आठवड्यात तुला ईमेलने आलेला एकेचाळीस पानी मजकूर तुझ्यासाठी नव्हता. आपल्या वल्लरीने लग्नासाठी पसंत केलेला क्षितिज ब्रुसेल्समध्ये बँकांचे नियम करणाऱ्या एका कार्यालयात आहे, हे तू जाणतेसच. आर्थिक संकटात बँका बुडू लागल्या तेव्हा तिकडे बँकांभोवती नियमांची तटबंदी उभारली गेली. आता लहान बँकांची माणसे कर्जे देण्याऐवजी तक्तेच भरत बसतात. म्हणून कोणते अहवाल कमी करावेत, यावर त्या कार्यालयाने सर्वांची मते मागवली. मी इथे वन-नॉर्थच्या कचेरीत बसून एका युरोपी बँकेसाठी हेच तक्ते अकरा वर्षे भरतो आहे. सासरा काय दर्जाचा आहे हे भावी जावयाला कळावे, या शुद्ध हेतूने मी सविस्तर मत लिहिले. त्याच दिवशी, तुझा सल्ला घ्यावा म्हणून, क्षितिजविषयीच्या सतरा हरकतीही लिहिल्या. दोन्ही फायलींना शिस्तीने ‘निरीक्षणे, अंतिम’ हेच नाव दिले. पुढचे तू ओळखलेच असशील.

हरकती ब्रुसेल्सला गेल्या. ‘प्रसिद्धीस संमती’ या चौकटीत मी (पारदर्शकतेच्या तत्त्वाला जागून) खूण केली होती. त्यामुळे ‘मुलगा विनोद सांगून होण्याआधी स्वतःच हसतो’ हे माझे निरीक्षण आज सत्तावीस देशांना उपलब्ध आहे. वल्लरी इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, “बाबा, गूगलवर दिसतंय, लाह!” तुझी भावजय साधना म्हणाली, “नियम त्यांचे, आणि चव्हाट्यावर आपण!”

चौथ्या दिवशी क्षितिजचे उत्तर आले. डावीकडे हरकत, उजवीकडे खुलासा. नऊ मान्य, पाच अंशतः मान्य, दोन सकारण अमान्य. (हसण्याची हरकत फेटाळताना पुरावा म्हणून एक विनोद जोडला होता. तो, ताई, खरोखर बरा होता.) सतरावी हरकत माझ्या हातून एकाच ओळीत लिहिली गेली होती: ‘मुलगी चौदा तास लांब जाईल.’ तिच्यासमोर त्याने लिहिले होते: ‘पूर्णतः ग्राह्य. उपाय माझ्याजवळ नाही. दर डिसेंबर सिंगापुरात. यात बदल आपल्या लेखी संमतीशिवाय होणार नाही.’ हे वाचता वाचता मी घरी येताना बिशान स्थानकावर गाडी बदलायची विसरलो. जिथे हरकती इतक्या मनापासून वाचल्या जातात, तिथले नियमही आज ना उद्या सुटसुटीत होतील, असे मला वाटू लागले आहे.

तुझा,
निशिकांत

ता. क. तुझा निरोप साधनाने स्पीकरवर ऐकला: “सगळं वाचलं रे. जरा लांबण लावलीय, पण मुलगा शिस्तीचा दिसतो. हो म्हणून टाक!” तेवढ्या आधारावर तिने त्याच दिवशी मुहूर्त धरला.

ता. क. २. तू वाचलेस ते बँकांच्या अहवालांविषयी होते. सबब तुझा होकार नियमानुसार अवैध ठरतो. असा दोष मी तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही नजरेआड केलेला नाही. हा कृपया कुणाच्याही लक्षात आणून देऊ नये. ती फाइल पुसून टाकावी.