वाकून नमस्कार

३ सप्टेंबर
स्टुडंट एक्सचेंजवर परदेशात येऊन आठवडा झाला. कॉलेजने व्हॉलंटिअरिंगला वृद्धाश्रम दिलाय. काम काय, तर कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांना रोज दुपारी बूट घालून द्यायचे, नाड्या बांधायच्या आणि फाटकापर्यंत चालवून आणायचं. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही. महिनाअखेरीस डॉक्टर बघणार. आपल्या पायांनी फाटकापर्यंत गेले तर घरी सोडणार, नाहीतर इथेच कायमचे. किरकोळ काम आहे. मी आलोय संस्कृतीच्या देवाणघेवाणीसाठी. आईला तसं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आधी स्वतःचे कपडे धुवायला शीक. आईला व्हिजन नाही.

५ सप्टेंबर
आजोबा फारच हळू चालतात. वाटेत थांबून मांजराच्या गोष्टी सांगतात. मांजर सध्या शेजारणीकडे आहे. तिचा लळा लागला तर आपल्याला विसरेल, ही त्यांना धास्ती. माझा सिरीजचा एक एपिसोड बुडाला.

१० सप्टेंबर
आश्रमाच्या मेट्रनबाईंनी विचारलं, शेवटच्या शनिवारी तुमच्या संस्कृतीवर कार्यक्रम कराल का? विषय तिथल्या तिथे सुचला: 'आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा मान'. स्लाइड्सना बसलो, त्यामुळे आजोबांना न्यायचं राहिलं. एका दिवसाने काही आभाळ कोसळत नाही.

१५ सप्टेंबर
आजही जमलं नाही. फॉन्ट ठरत नव्हता. ज्यांच्या घरी राहतो त्या बाईंना मी मावशी म्हणतो. त्यांनी विचारलं, आजोबा आता कितपत चालतात? म्हटलं, झपाट्याने सुधारणा आहे. असणारच ना. उद्यापासून दोन फेऱ्या. अगदी पक्कं.

१६ सप्टेंबर
पाऊस. म्हणजे ढग तरी होते.

२१ सप्टेंबर
त्यांच्या खोलीवरून जावं लागलं. खाटेवर बूट घालून बसले होते, नाड्या लोंबत होत्या. पाय आत कसे घातले देव जाणे. मी फोन कानाला लावून पुढे सटकलो. फोन बंद होता. जरा कसंतरीच झालं. बहुतेक जेवण बाधलं असावं.

२७ सप्टेंबर, सकाळ
आज शनिवार. आरशासमोर तालीम झाली. शेवटी स्टेजवरून उतरून आजोबांना वाकून नमस्कार करणार. हॉलमध्ये एकाचाही डोळा कोरडा राहणार नाही.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
हॉल भरला होता. आजोबा पहिल्या रांगेत, व्हीलचेअरवर, कोट घालून. दाढी केलेली. शेवटची स्लाइड झाली, मी उतरलो, वाकलो. त्यांनी पाय पुढे केला. बुटाची नाडी सुटलेली.
"आलास?" ते म्हणाले. "डावी जरा घट्ट बांध. डॉक्टर सोमवारी येणारेत. उद्याचा दिवस आहे ना आपल्याकडे?"
मी बांधली. दोन्ही बांधल्या. लोकांना वाटलं आमची रीतच अशी. टाळ्या वाजवल्या. मेट्रनबाईंनी नाही वाजवल्या.

२८ सप्टेंबर
सकाळीच गेलो. निम्म्या वाटेवर त्यांचे पाय लटपटले. बाकावर बसवलं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, तुझा कार्यक्रम छान झाला हो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

२९ सप्टेंबर
डॉक्टर येऊन गेले. आजोबा बाकाच्याही अलीकडे थांबले. का चालवलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. आजोबा म्हणाले, मुलगा येत होता, मलाच कंटाळा यायचा.
मी शेजारीच उभा होतो.

३० सप्टेंबर
दुपारी वेळेवर गेलो. खोली रिकामी. त्यांना वरच्या मजल्यावर हलवलंय, कायमचे राहणारे असतात तिथे. वर गेलो. त्यांच्या पायांत सपाता होत्या. मी बूट शोधायला लागलो, तर म्हणाले, राहू दे बाळा, इथे लागत नाहीत. मांजर शेजारणीलाच ठेवून घ्यायला सांगितलंय.
आईचा फोन आला. कार्यक्रम कसा झाला, विचारत होती. म्हटलं, टाळ्या वाजवल्या लोकांनी. ती म्हणाली, मग रडतोस कशाला?