सोमशेखरच्या नावावरच्या सिगारेटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

केराबाई बाळाला न्हाऊ घालत होती. तेल चोळता चोळता थांबली. "वहिनी, हितं एकच गोटी लागतीया की हाताला!" मी तिच्यावरच खेकसले — गुमान अंघोळ घाल! नंतर स्वतः चाचपून पाहिलं. खरंच एकच.

५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, डावी गोटी पोटातून खाली उतरलेलीच नाही. सहा महिन्यांपर्यंत वाट बघू, नाहीतर छोटं ऑपरेशन. मग विचारलं, "गरोदरपणी सिगारेट वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई — "ती कशाला ओढंल? हा ओढतो की! बाथरूममध्ये लपून!" सोमशेखर मान खाली घालून बसला. माझा नवरा. डॉक्टरांनी त्यालाच सुनावलं. आईनं ओढली तर धोका जास्त, पण घरातला धूरही वाईटच. हेच कारण असं ठाम सांगता येत नाही, असंही म्हणाले. मी तेवढंच वाक्य धरून बसले. लाज नाही मला!

६ फेब्रुवारी

इथं तरी खरं लिहावं. सोमशेखरनं जन्मात सिगारेट ओढलेली नाही. ओढायची मी. पुण्यात नोकरीला असताना लागली. लग्न झालं तरी सुटली नाही, दिवस गेले तरी नाही. बाथरूमच्या खिडकीशी, नळ सोडून. सासूबाईंना वास आला तेव्हा तोच पुढं झाला — "मीच ओढली, आई." मला काय वाटलं? सुटले! दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढली.

बाळ झालं त्या दिवशी सोडली. म्हणजे सोडता येत होती की!

२० फेब्रुवारी

रविवारी लिंगधारणा. मंद्रूपहून स्वामी येणार, बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधणार. बापानं लेकराला मांडीवर घेऊन पाटावर बसायचं. सासूबाई म्हणतात, "ह्याचे सिगारेटीचे हात नकोत. भीमाशंकर बसंल." म्हणजे थोरले दीर. सोमशेखर "बरं" म्हणाला!

मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं. खरं सांगून टाकते म्हटलं. तर म्हणे, "कार्य होऊ दे. हितं राहणं अवघड करतील तुझं." गप्प बसले. त्याचं ऐकून नव्हे — भ्याले म्हणून.

२२ फेब्रुवारी

झालं कार्य. पाटावर दीर. सोमशेखर दाराशी पाहुण्यांच्या चपला लावत होता. मामेसासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "सोड रे आता ते! पोराला भोगावं लागतंय." हा म्हणतो, "व्हय मामा." मी तिथंच खीर वाढत होते. पुढच्या पंगतीलाही मीच वाढलं.

२६ फेब्रुवारी

माझ्याशी नीट बोलतो. त्याचाच राग येतो. दोन शिव्या तरी घाल की!

८ मार्च

आज सासूबाईंना सांगणारच होते. सकाळी सोमशेखरचा शर्ट धुवायला घेतला — वास. हा वास सिगारेटचा, हे मला कुणी सांगायला नको. विचारलं, तर म्हणाला, "नाव तर झालंच होतं. म्हटलं, बघू तरी काय असतंय."

आता कुठल्या तोंडानं सांगू, तो ओढत नाही म्हणून?