रायफलचा धक्का आणि माझा उजवा खांदा

२ जून, सोमवार
बँकेच्या गार्डांची फायरिंग टेस्ट पंधरा तारखेला. उभ्याने पाच गोळ्या. नापास झालं की रायफल जमा आणि रवानगी मागच्या पार्किंगला. इतकी वर्षं ही टेस्ट कागदावर व्हायची आणि छान व्हायची. मी दरवर्षी पहिला. नव्या मॅनेजरबाईंना ती खरीखुरी हवी आहे. होऊन जाऊ दे. कर नाही त्याला डर कशाला!

४ जून, बुधवार
सरावाला गेलो. नेम उत्तम होता, गोळीच सरळ गेली नाही. धक्का मात्र असा बसला की खांदा काळानिळा. रेंजवरचे उस्ताद म्हणाले, रायफलचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबा, थोडं पुढे झुका, कानात बोळे घाला, डोळे मिटू नका. वर म्हणे, निम्मा धक्का बंदुकीचा असतो, निम्मा भीतीचा. भीतीचा निम्मा मला लागू नाही, तो सोडून दिला. राहिला बंदुकीचा. त्याचा बंदोबस्त करतो.
संकल्प: उद्यापासून रोज पन्नास जोर.

५ जून
जोर उद्यापासून. दुखऱ्या खांद्याने जोर काढणं म्हणजे आगीत तेल.

७ जून, शनिवार
रबर! इतकी साधी गोष्ट उस्तादांना सुचू नये? हिची बाथरूमची स्लीपर कापली आणि युनिफॉर्मच्या खांद्यात आतून शिवली. हिने विचारलं, जुनी दिसली नाही का? जुनीचं रबर झिजलेलं असतं, पण हे बायकोला कोण सांगणार! उरलेली स्लीपर तू वापर, असं मी मोठ्या मनाने म्हणालो. ती उरलेली स्लीपर घेऊन आत गेली. पटलं असावं.

९ जून
शर्ट घालून कामावर गेलो. कॅशियर म्हणाला, तुम्ही सारखे एक खांदा उडवून ‘मला काय त्याचं’ म्हणताय असं वाटतं. जळतात लोक.

१० जून
धक्क्याची सवय हवी. हिला सांगितलं, फरशी पुसायच्या दांड्याने माझ्या खांद्यावर ढोस, मी हलणार नाही. पहिला ढोसा सौम्य होता. दुसऱ्याला मी सोफ्यावर. तिसरा मागितला नव्हता. तिचा उत्साह बघून वाटलं, स्लीपरचं मनात ठेवलंय.
जोर राहिले.

१२ जून, गुरुवार
कुठेसं वाचलं, जड माणसाला धक्का कमी जाणवतो. परवापासून रोज सहा अंडी आणि दुपारची झोप चालू केली आहे. आज युनिफॉर्मचं बटण तुटलं ते थेट मॅनेजरबाईंच्या टेबलावर. बाई म्हणाल्या, नेम बरा आहे. शुभशकुन!

१४ जून, शनिवार
उद्या टेस्ट. अजिबात चिंता नाही. झोप येत नाही, पण ती अंड्यांमुळे. ही म्हणाली, पार्किंगला गेलात तर काय बिघडलं, पगार तोच ना? आता हिला काय सांगू! पुढच्या दारात रायफल घेऊन उभा असलो की माणसं मला साहेब म्हणतात. मागे पार्किंगमध्ये म्हणतात, ओ काका, ती स्कूटर जरा बाजूला घ्या. एवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडे. ती गेली तर मला फार वाईट वाटेल.
तिसऱ्यांदा उठून पाणी प्यायलो. अंडीच.

१५ जून, रविवार, दुपार
जिंकलो! पहिल्या चार गोळ्या कुठे गेल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक, ते सोडा. पाचवीच्या वेळी उस्तादांनी रायफल स्वतः भरून हातात दिली. चाप ओढला. मी मागे उडालो, खुर्चीवर आदळलो, खुर्ची पाण्याच्या पिंपावर, पिंप आडवं. पण धक्का? खांद्याला कळलासुद्धा नाही! आवाज तर आलाच नाही, इतके झकास बसले होते बोळे. पडल्या पडल्याच सगळ्यांना ओरडून सांगितलं, धक्का निम्म्याहून कमी केलाय मी! कौतुकाने सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी तोंडाला रुमाल लावला. उस्ताद नुसतेच माझ्याकडे बघत होते. बहुतेक स्लीपरबद्दल विचारायचं असेल.

१६ जून, सोमवार
पाचवी गोळी भरलेलीच नव्हती. रायफल रिकामी होती. दचकणारा माणूस असा ओळखतात म्हणे. मी बाईंना म्हणालो, ही सरळ सरळ फसवणूक आहे. बाई म्हणाल्या, पार्किंगला सावली असते.
पडताना खांदा दुखावला, हात गळ्यात बांधलाय. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? म्हटलं, बंदुकीच्या धक्क्याने. शेजारी बसलेल्या हिने खालच्या आवाजात सांगितलं, बंदुकीत गोळी नव्हती हो. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पडल्याने.
ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. चाप ओढायच्या आधीच मी पडायला लागलो होतो.