लाल फीत आणि पाच कळ्या

तीर्थरूप मामा,

चिखलाने माखलेल्या हातांचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (रीत म्हणून विचारत नाही, चढ कितपत चढवतो ते सविस्तर कळवावं.) मामींचा खोकला थांबला असेल. इकडे सगळे ठीक, मी सोडून.

रस्त्याच्या कामासाठी झाडं पाडण्याआधी आमच्या कचेरीत जो फॉर्म भरतात, तो भरणारा कारकून मी. त्यात शेवटचा रकाना ‘दुर्मीळ वनस्पती: आहे / नाही’ असा. माझ्या आधीच्या तिघांनी ‘नाही’वर खूण केली आणि सुखाने निवृत्त झाले. मलाच कुठून दुर्बुद्धी सुचली की या खेपेस रान स्वतः बघावं. (शाळेच्या चार सुट्ट्या तुमच्या मागे झाडंझुडपं बघत हिंडलो, त्याचा हा दोष.) सोमवारी गेलो, तर ओढ्याच्या वरच्या अंगाला एका जुन्या झाडाच्या मुळाशी जमिनीला चिकटलेली दोन पानं, मधून वीतभर दांडा आणि टोकाला पाच कळ्या. आमरी. कुंडीतलं विकतचं ऑर्किड नव्हे, इथल्याच रानातली आमरी. पण तुम्हीच सांगितलं होतं, हिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक आहे, ती कुठेही उगवते आणि तिला कोणी विचारत नाही. खालच्या पाकळीला झालर असेल तर ही, कड सपाट असेल तर ती. आणि पाचही कळ्या घट्ट मिटलेल्या.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, शुक्रवारी अकराला मी जागेवर येतो, तोवर जाणकाराचा लेखी दाखला दे, नाहीतर त्याच दुपारी सगळं रान साफ होईल.

आता माझं शहाणपण ऐका. रानात मला सगळी झाडं सारखीच दिसतात, म्हणून खूण राहावी यासाठी मी कचेरीतली लाल फीत त्या झाडाला बांधली, चांगले दोन वेढे देऊन. काल सकाळी गेलो तर करवतवाला मशीन सुरू करून त्याच झाडापाशी उभा. आमच्या खात्यात लाल फीत म्हणजे ‘हे आधी पाडा’. ही सूचना आठ वर्षं मीच टाइप करून वाटतोय. मी धावलो, घसरलो आणि उठून झाडालाच मिठी मारली. (अशी मिठी आपल्या वाट्याला कधी आली नाही, असं तुमच्या भाचेसुनेचं म्हणणं.)

त्याने मशीन बंद केलं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तो उकिडवा बसला आणि त्या दोन पानांवरचा भुसा फुंकरीने उडवू लागला.

“इतक्या वर्षांत मी हिच्यावर कितीदा पाय दिला असेल हो?” तो म्हणाला. “खरी असेल तर मी नाही पाडणार. पण खरी आहे ना?”

मी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे माझं मलाच माहीत नाही.

मामींना नमस्कार. तुमच्या तब्येतीला जपा.

तुमचा,
भाचा

ता. क. जपा म्हणजे घरी बसून जपा असं नव्हे. गुरुवारपर्यंत इकडे या, भिंग घेऊन.

ता. क. २. तो दाखला मी कालच साहेबांना दिला. त्यावर ‘खात्रीने तीच’ असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती करून करून हात बसलेला आहे. रागवायचं ते इथे येऊन रागवा.

ता. क. ३. पाकीट चिकटवून संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायच्या आधी पुन्हा जाऊन आलो. एक कळी अर्धी उघडलीय. कड दिसते, पण झालर आहे की पाकळीच चुरगळलीय, ते मला ठरवता येत नाही. करवतवाल्याने सकाळी मुकादमाला तोंडावर सांगितलं की लाल फीत असली तरी हे झाड मी पाडणार नाही, आणि मुकादमाने त्याला कामावरून काढलं. तो त्या रोपाशेजारीच बसला होता. दाखल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. मला म्हणाला, तुम्ही कशाला घाबरता, तुमच्या मामांची सही आहे ना. तिकडून पहिली गाडी सकाळी सातला सुटते, मामा.