चौथी ओळ आणि दोन वर्षांची बंदी

घाटकोपर,
मंगळवार, सकाळचा दुसरा चहा

प्रिय मित्र सहदेव यास सीतारामचा सप्रेम नमस्कार.

खारदांड्याची हवा तुला अजून मानवते ना? वहिनींची कंबर कशी आहे? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तसं ते नाही.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची चालण्याची शर्यत झाली, बागेला तीन फेऱ्या. (धावायचं नाही, दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले की बाद. आमच्या वयात ते सुटतात ते चौघांच्या खांद्यावरच.) यंदा सेक्रेटरी माधुरीबाईंनी, म्हणजे निवृत्त पीटीच्या बाईंनी, कुणा धावपटूचं पदक दहा वर्षांनी काढून घेतल्याचं पेपरात वाचलं आणि फॉर्म काढला: 'या आठवड्यात घेतलेली सर्व औषधे लिहा.' अरे, अर्ध्या लोकांना पुरवणी लागली!

शर्यत जिंकली अंबादासने. हा माझा रोजचा फिरण्याचा जोडीदार, परभणीकडचा, निवृत्त पोस्टमन. गुलमोहराखाली मी शाळेतली कविता सुरू करायची, तिसऱ्या ओळीनंतर अडायचं आणि चौथी त्याने द्यायची, हा आमचा परिपाठ. (शाळा दोन टोकांच्या, पण ओळ एकच. केवढं नवल!) तर या बाबाने फॉर्मवर इमानदारीत लिहिलं: दम्याचा पंप, शर्यतीपूर्वी दोनदा. माधुरीबाईंच्या मते तो श्वास चोरीचा. कमिटी बसली. मीही कमिटीत. 'खेळाचं पावित्र्य' यावर मी असा काही बोललो की कमिटीतल्या जयंतीबाईंनी डोळे पुसले. कप काढून घेतला, वर दोन वर्षं बंदी. अंबादास सत्याहत्तरचा आहे. तो एवढंच म्हणाला, "बरं सीताराम, मग एकोणऐंशीला भेटू, पंपात हवा राहिली तर." त्या दिवसापासून बागेत आलेला नाही.

मी बाकावर एकटा बसतो. फुलं पडतात, तीन ओळी होतात, आणि पुढे नुसती पाखरं. सून जान्हवी म्हणाली, "बाबा, मोबाइलवर मिळेल ना ती ओळ." मिळेल रे, पण अंबादासच्या छातीतल्या शिट्टीसकट मिळायची नाही. मग मनात येतं, ज्यांची पदकं काढून घेतात त्यांनी फसवलं असेल तर शिक्षा हवीच. पण शिक्षा होते ती सापडलेल्याला. ज्याने फॉर्मवर काही लिहिलंच नाही, तो गळ्यात पदक घालून घरी जातो आणि सुखाने जेवतो. (सुखाने नाही. पण जेवतो.)

तुझा,
सीताराम

ता. क. : कप आता मला मिळणार. मी दुसरा आलो होतो. समारंभ रविवारी पाच वाजता.

ता. क. दुसरा : शर्यतीच्या चार दिवस आधी तूच मला तुमच्याकडच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलंस, आठवतं? गुडघ्यात दिलेलं ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. फॉर्मवर मी 'काही नाही' लिहिलं. हे फक्त तुला, मला आणि गुडघ्याला ठाऊक.

ता. क. तिसरा : म्हणून तू रविवारी ये. माझं नाव पुकारलं की मागून उठ आणि खणखणीत आवाजात सगळं सांगून टाक. ज्या तोंडाने ते भाषण केलं त्या तोंडाने मला जमणार नाही. अंबादासला हातापाया पडून पहिल्या रांगेत बसवतो. माझ्यावर चार वर्षं बंदी घाला, चालेल. बाकावर बसायला बंदी नसते.

ता. क. शेवटचा : फक्त फोटो निघाल्यावर उठ.